बाबांची दाढी

माझ्या वडिलांनी आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले. गुंजभर फरक निघाला तरी नापास. सख्ख्या मेव्हण्याचा तराजूही त्यांनी नापास केला; तेव्हापासून मामा आमच्या घराची पायरी चढला नाही, आणि बाबांना त्याचं काही वाटलं नाही. मी लग्न केलं सलूनवाल्याशी. बाबा आले, जेवले, आणि हॉलचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे एवढंच बोलून गेले.

साथ आली तेव्हा ते आमच्याकडे आठ दिवसांसाठी आले होते. सगळं बंद झालं आणि आठ दिवसांचे पाच महिने झाले. दोन खोल्या, तीन माणसं. माणसाने माणसाजवळ जायची बंदी, आणि नवऱ्याचा तर धंदाच लोकांच्या गालाला हात लावायचा.

सुरुवातीला तो मजेत होता. कात्र्यांना धार लावली, माझे केस दोनदा कापले, तिसऱ्यांदा मी पळाले. मग एक दिवस फोन आला. दर रविवारी येणारे पोस्टमास्तर गेले होते. दुकान बंद व्हायच्या आदल्या दिवशी नवऱ्यानेच त्यांची दाढी केली होती.

"माझ्यामुळेच गेले," तो म्हणाला.

मधे दोन महिने लोटले होते. बाबांनी कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं. त्याला पटलं, पण हात थरथरायला लागला तो लागलाच. कपातला चहा बशीत, बशीतला सदऱ्यावर. हात धुऊन धुऊन सालपटं निघाली. डॉक्टर फोनवर म्हणाले, "मनाने घेतलंय. सकाळपासून असे अकरा झाले, तुम्ही बारावे." गोळ्यांनी झोप लागायला लागली, हात मात्र तसाच. दुकान उघडलं तरी वस्तरा धरणार नाही, असं त्याने मला सांगून टाकलं. कुठेतरी पहारेकरी म्हणून लागेन, म्हणाला. बावीस वर्षं आमचं घर ज्या हातावर चाललं, तो हात तो मांडीखाली दाबून बसायचा. मला ते बघून फार भीती वाटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बाबा स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले आणि मान वर केली.

"जावईबापू, दाढी."

"बाबा, माझा हात बघताय ना?"

"बघतोय. पन्नास वर्षं स्वतःची स्वतः केली. कंटाळा आला."

मी तुरटी घेऊन उभी राहिले. काम झाल्यावर बाबांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "सात." सात ठिकाणी कापलं होतं.

मग रोज सकाळी तेच. सहा. सहा. नऊ, त्या दिवशी नवऱ्याने बातम्या ऐकल्या होत्या. बाबांनी रेडिओ कपाटात ठेवून चावी खिशात टाकली. बरी झाली, असं कधी म्हणाले नाहीत. सुट्टीही दिली नाही.

"बाबा, गालाची काय दशा झालीय बघा," मी एकदा म्हटलं.

"गाल माझा आहे," ते म्हणाले.

होता होता आकडा दोनवर आला आणि तिथेच अडला. तेवढ्यात दुकानं उघडायचा हुकूम निघाला. नवऱ्याने अट घातली: पहिली दाढी बाबांची. शून्य आला तर पुढचं गिऱ्हाईक घेईन. नाही आला तर शटर ओढीन ते कायमचं.

दुकानाबाहेर दोन माणसं अंतर ठेवून उभी होती. बाबा खुर्चीत बसले. दाढी झाली तसा नवरा पाठ फिरवून वस्तरा पुसत राहिला, त्याला बघवेना. बाबांनी चष्मा लावला. डावा गाल, उजवा गाल, हनुवटीखाली. तराजू तपासायला लावत तेवढाच वेळ लावला.

"शून्य," ते म्हणाले, आणि सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

बाबा शून्य म्हणाले म्हणजे शून्य. शंका असेल तर मामाला विचारा. नवऱ्याने टॉवेल झटकला आणि पुढच्याला आत बोलावलं.

संध्याकाळी मी कपडे धुवायला घेतले. बाबांच्या कॉलरला आतून रक्ताचा डाग होता, चांगला बोटाएवढा. मी तो घासत असताना बाबा मोरीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"निघतोय का डाग?"

"कसला डाग?" मी म्हटलं.

बाबांनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं.

"पास," म्हणाले, आणि खोलीत गेले.