पट्टा बांधलेली सवाष्ण

घास खाली जाईना आणि वरही येईना. पुरणपोळीचा दुसराच घास होता, तुपात भिजवलेला, आणि तो छातीच्या मधोमध दगडासारखा बसला होता. तोंडात लाळ भरत होती. ती गिळता येत नव्हती आणि थुंकायची सोय नव्हती, कारण बेंगळुरात राजाजीनगरातल्या एका मराठी घरी मी सवाष्ण म्हणून जेवायला बसले होते. नाकात नथ, डोक्यात गजरा, पुढ्यात केळीचं पान. गुडघ्यांमुळे पाटाऐवजी खुर्ची दिली होती, बाकी सगळं शास्त्राप्रमाणे.

यजमानीणबाई वाकून आणखी तूप वाढत होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलीचं लग्न होतं, आणि त्याआधी सवाष्ण पोटभर जेवली पाहिजे असा त्यांच्याकडे रिवाज.

"अक्का, लाजू नका. तुमच्यासारखं जेवणारं माणूस बसलं की पंगतीला शोभा येते."

मी हाताने पान झाकलं. त्यांनी बोटांच्या फटीतून तूप सोडलं.

या बाईंना मी फोनवर सगळं सांगितलं होतं. माझ्या जठराच्या तोंडाशी डॉक्टरांनी रबराचा पट्टा बसवलाय. त्याची नळी पोटाच्या कातडीखाली एका डबीला जोडलीय. डबीत सुईने पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. घास करंगळीच्या नखाएवढा घ्यायचा, त्याचा चावून लगदा करायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही नुसतं पान उष्टं करा हो. आणि देवाचं अन्न कुणाला बाधत नाही."

पट्टा मी हौसेने बसवला नव्हता. गुडघ्यांचा डॉक्टर म्हणाला, आधी वजन उतरवा, मग गुडघे बदलू. मी जन्मभर एकादशी केली, पण साबुदाण्याने कुणी बारीक झालेलं अजून पाहिलं नाही. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, आता पट्टाच." चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला पोटाचं काय कळणार, म्हणून घरात सगळ्यांनी मला ते चित्र काढून समजावलं. चित्रात पोट फारच नीटनेटकं होतं.

पट्ट्याच्या आवडीनिवडी कळायला वेळ लागला. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिले काही दिवस नुसतं पातळ, मग घाटा. नंतर शेजारणींनी आजारी माणसाचं म्हणून मऊ भात आणून दिला. भाताचा चिकट गोळा होऊन अडकला. इडली अडकली. पाव तर अडकलाच अडकला. आणि आमच्या गावाकडची कडक भाकरी, जी आजाऱ्याला कुणी दाखवणारही नाही, ती कुडुम कुडुम चावली की सरळ खाली जायची. आइस्क्रीमला तर पट्टा दिसतच नव्हता. ते कितीही जायचं. म्हणून ते मी बंद केलं. उगाच पोट फाडून घेतल्यासारखं झालं असतं.

उरलेलं आमचे हे खायचे. मी टाकलेला अर्धा भात, अर्धी पोळी, सगळं. सरकारी कारखान्यात जन्म काढलेला माणूस, वाया गेलेलं बघवत नसे. मी उतरत होते आणि ते चढत होते.

तर तो घास. श्वास चालू होता, पण छाती फुटेल असं वाटत होतं. समोरच्या बायका कौतुकाने बघत होत्या. मला वाटलं, इथेच गेले तर या म्हणतील, काय भाग्यवान बाई, अहेवपणी गेली, कपाळावर कुंकू, केसांत फुलं, नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचतोय. आमच्यात याहून चांगलं मरण नाही. मला ते नको होतं. मी उठले.

"अक्का! पान टाकून उठू नये हो! मुलीचं लग्न आहे!"

मी मोरी गाठली. आधी नुसता फेस आला, मग घास. बाहेर यजमानीणबाई कुणाला तरी सांगत होत्या, "तूपच जास्त झालं. मी म्हणतच होते."

घास निघाला, पण नंतर पाण्याचा घोटही उतरेना. आतून सूज आली होती. ह्यांनी रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. ते वाटभर एकच वाक्य बोलले, "तू नाही म्हणायला कधी शिकणार?" माझं तोंड लाळेने भरलं होतं.

डॉक्टर कानडी. त्यांनी डबीत सुई घालून पाणी काढून घेतलं. पेलाभर पाणी खाली गेलं तेव्हा मी डोळे मिटून बसले.

"काय खाल्लं अम्मा?"

"पुण्य," मी म्हटलं. त्यांना कळलं नाही. म्हणाले, "सरी, ठीक आहे, पण स्वल्प स्वल्प, थोडं थोडं खा."

दुसऱ्या दिवशी यजमानीणबाई डबा घेऊन दारात. त्यांच्या चेहऱ्यावर माझी काळजी थोडी आणि लग्नाची पुष्कळ. "अक्का, सवाष्ण अर्धपोटी उठली. चार घास खाल्ले असते तर माझा जीव भांड्यात पडला असता."

"आणि माझा?" मी विचारलं.

त्या डब्याचं झाकण उघडायला लागल्या. मग मीच म्हटलं, ठेवा, हे खातील. हे तिथेच बसून दोन पोळ्या जेवले. बाई समाधानाने गेल्या. मुलीचं लग्न झालं, नीट चाललंय.

पट्टा नंतर हळूहळू पुन्हा आवळला. वजन उतरलं, गुडघे बदलले. मी जिना चढू लागले. बोलावणी मात्र थांबत नव्हती. बेंगळुरात मराठी सवाष्णी मिळायच्या कुठे? मी "साकू, साकू" म्हणायचे, पण पुरे म्हणायचा हा कानडी शब्द कानडी घरात चालतो, मराठी घरात नाही.

मग एका सकाळी चहा पिता पिता हे गेले.

त्यानंतर मला पोटभर जेवा असं कुणी म्हटलेलं नाही. लग्नकार्यात विचारतात, "अक्का, थोडंसं काही घेणार?" नको म्हटलं की लगेच पुढे सरकतात. पानावर कुणी तूप सोडत नाही. मी सावकाश चावते, पोट सांगेल तिथे थांबते. बायका एकमेकींना सांगतात, अक्कांनी धसका घेतला, बघा किती वाळल्या. मी सांगते, धसका नाही, पट्टा. त्या मान हलवतात.

ऑपरेशनच्या आधी घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की आमच्या दोघांत मी आधी जाणार. साखर माझी, गुडघे माझे, सुरी माझ्यावर. हे गेले. मी आहे.