कमलबाईची छपरी

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर निघाली नाई. बायकोले सांगितली नाई, पोराले नाई, टपरीवरच्या दोस्तायले तं नाईच नाई. तुमाले सांगून राह्यलो, कारण तुमी आमच्या गावचे नाई. बसा जराक. आणि मधात टोकू नका—टोकलं का मी विषय बदलतो, वाईट सवय आहे मले.

आधी मी कोण ते ऐका. मी ओव्हरसियर. नोकरी संपून गंज दिवस झाले, तरी आंजीपासून पुढच्या साऱ्या गावायत मले 'ओव्हरसियर भाऊ'च म्हणतात. घराचा नकाशा असो, बांधकामाची परवानगी असो, कोणत्या बाजूनं किती जागा सोडायची असो—लोक मलेच विचारतात. बोरगाव मेघेले गेले तं पाहा, तिथं एक गल्ली आहे, एका घराची भिंत दुसऱ्याले चिकटलेली नाई, साऱ्या घरायत हवा खेळते. ते सारे नकाशे माझे. लोक म्हणत, भाऊ, हातभर पुढं घेऊ द्या ना, कोण पाह्यते? मी म्हणो, मी पाह्यतो! सख्ख्या साळ्यानं जिना बाहेर काढला होता, तोही मी मोडायले लावला. बायकोनं त्यापायी माझ्याशी किती दिवस अबोला धरला, ते विचारू नका. गर्व आहे का मले? आहे. लय आहे. कायले लपवू?

आणि रस्ता. आमच्या गावचा रस्ता तुमी येताना पाह्यलाच असन. आज त्याच्यावरून दोन ट्रॅक्टर कापूस भरून समोरासमोर आले तरी कोणाचा मिरर घासत नाई. आधी काय हाल होते बाप्पा! दोन्हीकडचे लोक पुढं-पुढं सरकत आलते. आज ओटा, उद्या ओट्यावर टिन, परवा टिनाखाली भिंत. एक डाव ॲम्बुलन्स अशी अडकली का पेशंटले खाटेवर टाकून चौकापर्यंत उचलून न्या लागलं. त्या दिवशी सरपंच माझ्या दारात आला. म्हणे, "भाऊ, लाइन तुमी टाका. तुमी टाकली तं कोणी हू का चू करणार नाई." आता हे ऐकून कोणाची छाती फुगणार नाई, सांगा?

नियम सोपा होता. रस्त्याच्या मध्यापासून दोन्हीकडे ठरलेलं अंतर मोजायचं, त्याच्या आत जे बांधकाम येईल ते निघालं पाह्यजे. सारं गाव जमलं होतं. मी डांबराच्या बरोब्बर मधात उभा राह्यलो, टेप सर्रकन टाकला, आणि दोन्ही बाजूंनी फक्कीची पांढरी रेघ मारत गेलो. एकदाही वाकडी झाली नाई हो ती रेघ!

पहिलंच घर कमलबाईचं. नवरा सोडून गेलता, पदरात एक पोरगी, आणि घरापुढं टिनाची छपरी. छपरीत आटाचक्की. अर्ध्या गावाचं दळण तिथं येई, आणि त्याच्यावरच मायलेकीचं घर चाले. माझी रेघ गेली चक्कीच्या मागून. म्हणजे सारी छपरीच पाडा लागत होती. समोरच्या बाजूनं खताच्या दुकानवाल्या शेठची दुमजली बिल्डिंग. त्याचा फक्त ओटा रेघेत आला.

शेठ म्हणे, आधी बाईची छपरी पडू द्या, मंग माह्या ओट्याचं पाहू. त्याचं पाहून त्याच्या पुढचा तेच म्हणे, त्याच्या पुढचाही तेच. म्हणजे साऱ्या गावाचा रस्ता येऊन थांबला एका बाईच्या छपरीपाशी. आणि तिनं काय म्हणावं? वाद घातला नाई, रडली नाई. पदराले लागलेलं पीठ झटकलं आणि म्हणे, "भाऊ, तुमचा टेप खोटा बोलत नाई. तुमी म्हणता तं पाडते म्या."

आता इथून पुढचं—थांबा, पाणी पितो जरा.

डांबराचा मध्य म्हणजे रस्त्याचा मध्य नसते. हे आमच्या धंद्यातल्या कालच्या पोरालेही कळते. रस्त्याची जागा हद्दीच्या दगडापासून हद्दीच्या दगडापर्यंत. डांबर त्याच्यात कुठं पडलं, हे ठेकेदाराच्या मर्जीवर. आमच्या इथं शेठच्या बाजूनं आधी गावाची विहीर होती. डांबर टाकलं तेव्हा विहीर वाचवाले म्हणून सारा रस्ता कमलबाईच्या अंगावर सरकवला. मंग विहीर बुजली, आणि बुजलेल्या जागेवर शेठची बिल्डिंग पुढं आली. मी त्या विहिरीचं पाणी प्यालेला माणूस! तरी डांबराच्या मधात जाऊन उभा राह्यलो. काऊन? घाई होती? छ्या, कायची घाई? सारं गाव पाहून राह्यलं होतं आणि मले टेप टाकून दाखवायचा होता, बस्स.

छपरी पाडायच्या आदल्या दिवशी जेसीबी आला. शेठच्या बाजूची बेशरमाची झुडपं त्यानं साफ केली. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नाई. मी उगाच चक्कर मारायले गेलतो. आणि झुडपाच्या बुडाशी, शेठच्या कडेच्या भिंतीले टेकून, शटरच्याही मागं—हद्दीचा दगड. कमलबाईच्या बाजूचा दगड कुठं आहे, ते मले माहीत होतं. एकट्यानंच दोन्ही दगडाच्या मधात टेप धरला. एकदा धरला, पुन्हा धरला. खरा मध्य निघाला शेठच्या बाजूले. त्या हिशेबानं कमलबाईची छपरी सारीच्या सारी वाचत होती, फार तं पुढची पायरी जाती. आणि शेठचं शटर, वरचा सज्जा, जिना—सारं आत येत होतं.

तेव्हा मी काय करायले पाह्यजे होतं? चौकात जाऊन चार शब्द बोलायचे होते. चुकलं माझं, ती रेघ पुसा, नवी मारतो. जड आहे का हे? लहान पोरगंही म्हणते, चुकलं.

मी काय केलं, ते सांगतो. टेप गुंडाळला, आणि तोडलेल्या बेशरमाच्या फांद्या पायानं त्या दगडावर लोटल्या.

तुमी म्हणाल, भाऊ, कारण असन काही. होतं ना कारण! शेठ कोर्टात गेला असता, रस्ता रखडला असता, पुन्हा कोणाची ॲम्बुलन्स अडकली असती. सारं खरं आहे. पण हे कारण मले घरी जाऊन जेवल्यावर सुचलं. फांद्या लोटल्या तेव्हा डोक्यात एकच होतं—लोक म्हणतील, ओव्हरसियर भाऊचा टेप चुकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तं कमलबाईनं छपरी सारवून ठेवली होती. पाडायची छपरी, आणि शेणानं चकचकीत सारवलेली! मी म्हटलं, हे कायले? म्हणे, "लोक पाह्यले येतीन ना भाऊ, घाण दिसू नये." जेसीबीच्या ड्रायव्हरले तिनं पोहे खाऊ घातले. टिन खाली आलं तसे लोकायनं टाळ्या वाजवल्या. लाजेकाजेनं शेठनं ओटा फोडला, मंग पुढच्यानं, मंग त्याच्या पुढच्यानं. हप्ता संपायच्या आत रस्ता मोकळा. आजूबाजूच्या गावचे सरपंच पाह्यले आले. मले शाल-नारळ दिला, आणि तो द्यायले स्टेजवर कोणाले बोलावलं असन? कमलबाईले. मी तिच्या हातून घेतला. फोटोत मी हसून राह्यलो आहो.

चक्की तिनं घरात घेतली. एकच खोली. भिंतीवर पीठ, अंथरुणावर पीठ, पोरीच्या पुस्तकावर पीठ. खोकला धरला तिले, जाता जाईना. शेवटी चक्की विकली आणि दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायले जाऊ लागली. मी रस्त्यानं जाताना दिसलो का आजही हाक मारते. नव्या सुना गावात आल्या का त्यायले सांगते, सगळ्यात आधी माही छपरी पडली, मंग हा रस्ता झाला. अभिमानानं सांगते हो! आणि खरं सांगू? त्या रस्त्यावरून गाडी सुसाट जाते तेव्हा माझीही मान ताठ होते. अजूनही होते. ती वाकत नाई, याचंच मले कधी कधी भेव वाटते.

इथंच थांबलो असतो तं तुमी म्हणाले असते, जाऊ द्या भाऊ, जुनी गोष्ट आहे. पण जुनी कुठं आहे?

गेल्या महिन्यात कमलबाईची पोरगी वैशाली आली. शिकली, लग्न झालं, आता मायजवळ राह्यले आली आहे. तिले मायची चक्की पुन्हा चालू करायची आहे. मशीन पाहून ठेवली, पक्की भिंत घालून परवानगी काढणार म्हणे. पण कमलबाईनं तिले बजावलं, ओव्हरसियर भाऊले विचारल्याशिवाय एक वीट ठेवायची नाई. म्हणून मले बोलवायले आली. "मामा, कुठपर्यंत बांधू, तेवढं दाखवून द्या."

मी गेलो. समोर हद्दीचा दगड अजून आहे, शेठच्या पाइपामागं, पाह्यलं तं दिसते. मायलेकी दारात उभ्या. माझ्या हातात टेप. कोणी घाई करत नव्हतं. गाव जमलं नव्हतं. शेठ तं दोन वर्षांआधी वारला, त्याच्या पोरानं दुकान बंद करून गाव सोडलं. कोर्टात जाणारं कोणी उरलं नाई. मले अडवणारं कोण होतं?

मी डांबराच्या मधात जाऊन उभा राह्यलो. तिथूनच टेप टाकला. उंबऱ्याच्या जवळ खडूनं खूण केली आणि म्हटलं, पोरी, इथपर्यंत.

वैशालीनं वितीनं जागा मापून पाह्यली. एकदा उभी, एकदा आडवी. तिचं तोंड उतरलं. म्हणे, माय, मशीन नाई बसत इथं. कमलबाई हसली. म्हणे, "भाऊनं मोजलं ना? मंग झालं तं. नाई बसत तं नाई."

मी टेप गुंडाळून घरी आलो. जागा तिची आहे. मशीन बसली असती.