भोंग्याखालचा कापूस

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. लेकीपाशी नाही, विहारात शेजारी बसणाऱ्या बायकांपाशी नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे मी — जमेल तसं लिहिते.

उत्तम माझा दीर. माझं लग्न झालं तेव्हा त्याला चड्डी सावरता येत नव्हती. माझ्या हातची भाकर खाऊन वाढला. आमचं रेणापूरचं बँड पथक माझ्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं. मोठा बाजा तेच वाजवायचे — पोटाशी धरायचा, पितळेचा, वर परातीएवढा भोंगा. तो वाजला की खिडकीचे गज थरथरायचे.

मग मालकांना लकवा झाला. तोंड एका बाजूला ओढलं. ओठच मिटेनात, तर फुंकणार काय? उत्तमनं बाजा उचलून नेला. ते मी समजून घेतलं. पथक चालायला पाहिजे होतं.

पण उदगीरच्या एका लग्नात मालक हौसेनं गेले. नुसतं मागं उभं राहायला. मीही सोबत होते. पंगतीत कुणीतरी म्हणालं, आज दादांचा बाजा ऐकू द्या. तेव्हा भरल्या पंगतीत उत्तम म्हणाला, “दादाचं तोंड आता फकस्त लाळ गाळायला हाय.”

पंगत हसली. मालकही हसले — अर्ध्या तोंडानं.

त्यानंतर ते कुठल्याच लग्नाला गेले नाहीत. दोन वर्षांनी वारले. मातीला उत्तम ढसाढसा रडला. मी बघत होते. मला रडायला सवड नव्हती.

अकरा वर्षं मी गप्प राहिले. तुम्हाला वाटेल, विसरले असेल बाई. कसं विसरणार?

मग पथकाला दिल्लीच्या एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं. नांदेडहून विमानानं. सगळ्या गल्लीला उत्तमनं सांगितलं. पण विमानात एवढा बाजा मांडीवर घेऊन बसू देत नाहीत, खाली सामानात टाकायला लागतो. त्याला पेटी पाहिजे. पेटी कसली घ्यावी हे विचारायला तो माझ्याकडं आला, कारण मालक बाजे दुरुस्तही करायचे अन् मी तीस वर्षं त्यांच्या हाताखाली होते. मोठ्या कामाचे बाजे हैदराबादला जायचे, एसटीच्या टपावरून. ते पोत्यात, जुन्या लुगड्यांत बांधायची मीच. मालक सांगायचे, बांधताना आधार बाजाच्या पोटाला द्यायचा, भोंग्याचा काठ कुठंच टेकू द्यायचा नाही. काठ टेकला की धक्का सरळ बाजाच्या मानेत, म्हणजे भोंग्याखालच्या नळीत जातो.

एवढं मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

नांदेडच्या दुकानात दोन पेट्या होत्या. एक जुनी, बोजड, कोपरे खरचटलेले. आत बाजाच्या पोटाला दोन्हीकडून धरणाऱ्या जाड गाद्या अन् भोंग्याभोवती वीतभर मोकळी जागा. दुसरी नवी, काळी, चकचकीत. बाजा तिच्यात असा बसला, जणू मापानं शिवलेलं झंपर. भोंग्याचा काठ पेटीच्या भिंतीला चिकटला होता.

“वैनी, दादा असता तर कोणती घेतली असती?”

“हीच,” मी नव्या पेटीवर हात ठेवला. “जुनीत बाजा खुळखुळंल.”

एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते. सल्ला चुकला, म्हातारी बाई — कुणीही म्हटलं असतं. पण मी थांबले का? मी त्याला म्हणाले, पेटी दोन दिवस माझ्याकडं ठेव, आतून अस्तर घट्ट करून देते. तो खूश झाला. मी ओसरीत बसून उसवलं. पोटाखालचा कापूस काढला अन् भोंग्याच्या काठाखाली ठासून भरला, बाजाचा सगळा भार काठावर यावा म्हणून. वरून दाभणानं बारीक टाके घातले. टाके सुंदर आले होते.

दिल्लीत पेटी उघडली तेव्हा भोंगा कानासारखा दुमडला होता अन् मान चिरली होती. कार्यक्रम झाला. लेकीनं मोबाईलवर दाखवला. लाल कोट घातलेला उत्तम मधोमध उभा — रिकाम्या हातानं टाळ्या वाजवत. मी म्हणाले, पुन्हा लाव. चौथ्यांदा लावताना लेक म्हणाली, “आई, काकाचा एवढा लळा कधीपासून लागला तुला?”

मला वाटलं होतं, लोक हसतील त्याला. हसले नाहीत. हळहळले. गल्ली त्याच्या दारात जमली, विमानवाल्यांना शिव्या घातल्या. माझा राग तसाच राहिला — त्या रागाला उष्टा घासही मिळाला नाही.

महिन्याभरानं उत्तम आला. चहा घेतला नाही. मग उदगीरच्या पंगतीचं त्यानंच काढलं. मला वाटलं होतं, त्याला आठवतसुद्धा नसेल.

“आपण शाप-बिप मानत न्हाई, वैनी. तरीबी — दादालाच नको असंल का, म्या वाजवावं?”

तेव्हा सांगता आलं असतं. कापूस मी भरला, दादाला मधे घेऊ नकोस — एवढंच म्हणायचं होतं. आतापर्यंतचं सूड म्हणून एखादा समजूनही घेईल. पण हे?

मी म्हणाले, “असंल.”

गल्लीनं मिळून त्याला दुसरा बाजा आणला. त्यानं हात लावला नाही. भाच्याला देऊन टाकला. आता पथकाबरोबर जातो अन् नुसता गाडीपाशी बसतो. माझा बाजारहाट करतो, दवाखान्यात नेतो. परवा परत येताना विचारलं त्यानं, दादानं मला माफ केलं असंल का. मी म्हणाले, “न्हाई.”

खोटं आहे ते. उदगीरहून परत येताना, जीपमध्येच, मालकांनी माझा हात धरला होता. बोलणं नीट येत नव्हतं, तरी मला कळावं म्हणून दोनदा म्हणाले. “पोर हाय. म्या सोडलं. तूबी सोड.”

हे मी उत्तमला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.