तिथल्या माणसाला फोन द्या

दूध डेअरीत फॅट मोजायची जी मशीन असते, ती दुरुस्त करत मी निम्मा जिल्हा पालथा घातलाय. ऑफिस राहात्याला, कामं पार पाथर्डीच्या पलीकडं. मोटरसायकल कंपनीची, पाठ माझी. आम्ही सहा फिरती माणसं, आणि आमचे फोन घ्यायला ऑफिसात एक ताई. त्यांचं काम खरं तर फोन उचलणं एवढंच होतं.

पण त्यांनी आपणहून एक नियम काढला होता. गावात पोचलं की फोन करायचा, आणि नुसतं 'पोचलो' चालायचं नाही. रस्त्यात चहा पीत 'पोचलो' म्हणण्यात आम्ही सगळेच पटाईत होतो ना. ताई म्हणायच्या, "तिथल्या माणसाला फोन द्या." मग डेअरीवाला सांगणार, हो, आलेत, पाणी दिलंय, तेव्हा आमची सुटका. माझं डोकं फिरायचं. पंचेचाळिशीचा बाप्या मी, शाळेच्या पोरासारखी हजेरी कोण देणार? एकदा तोंडावर बोललोही. "बरं," म्हणाल्या, आणि नियम होता तसाच ठेवला.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. त्या दिवशी मी मेलो असतो, हे आधीच सांगून टाकतो.

बेलापूर, सोनई मागं टाकून शेवगावच्या पुढं माळाला लागलो, तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. पाण्याची बाटली सोनईतच संपलेली, भरून घ्यायचा कंटाळा केला. डोकं गरगरायला लागलं, हँडल हातात राहीना. एका लिंबाखाली गाडी लावली. डेअरी अजून बारा किलोमीटर लांब. ताईंना खरं सांगितलं तर त्या परत बोलावणार, आणि काम न करता मी आजवर एकदाही परतलो नव्हतो. हा माझा माज. सावलीला एक मेंढपाळ बसला होता. ताईंना फोन लावला, स्पीकरवर टाकून त्याच्या हातात दिला आणि हळूच म्हणालो, एवढंच सांगा, साहेब पोचले.

त्यानं इमानानं तेवढंच सांगितलं. ताईंनी पलीकडून सहज विचारलं, "आज फॅट किती लागलं?"

"मला काय ठावं, बाई? मी मेंढरं चारतो."

मी कपाळाला हात लावला. आता खरडपट्टी निघणार. पण ताई माझ्याशी बोलल्याच नाहीत. त्या मेंढपाळालाच म्हणाल्या, "दादा, त्यांच्या अंगाला घाम आहे का, तेवढं बघा."

त्यानं माझ्या मानेला हात लावला. "न्हाई. कोरडं ठाक हाय. आन् तव्यावानी तापलंय."

"फोन ठेवू नका. जवळ असेल ते पाणी त्यांच्या डोक्यावर, मानेवर ओता. कपडे सैल करा. आणि कुठल्या फाट्याजवळ आहात ते सांगा."

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. डोक्यावर गुंडाळलेला त्याचा ओला पटका, मेंढरांचा वास. मग एक टेम्पो आला. त्यातून मी जन्मात न पाहिलेला एक पंक्चरवाला उतरला आणि त्यानं मला नावानं हाक मारली. "ताईंचा फोन आल्ता," म्हणाला. हातात शेजारच्या रसवंतीतून आणलेला बर्फ. मला वाटलं, आपल्याला भ्रम झालाय. राहात्यात बसलेल्या बाईला ह्या माळावरचा माणूस सापडला कसा?

दवाखान्यात सलाईन लागली. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास तसाच राहिला असता तर काही खरं नव्हतं.

आठवड्यानं ऑफिसात गेलो. ताई जेवायला गेल्या होत्या, त्यांची वही टेबलावर उघडी होती. एकेका पानावर एकेक रस्ता, आणि त्या रस्त्यावरचा फाटा न् फाटा. पंक्चरवाला, रसवंती, पिठाची गिरणी, मेडिकल. कुणाकडं गाडी आहे, कुणाकडं बर्फ मिळतो, कोण दुपारी झोपतो. आम्ही इतकी वर्षं ज्याच्या ज्याच्या हातात फोन दिला, त्या प्रत्येकाशी चार शब्द बोलून, त्याच्या ओळखीनं पुढच्याचा नंबर घेऊन त्यांनी हे जमवलं होतं. मी जिला हजेरी म्हणून शिव्या घालत होतो, ती ही. एका खुर्चीत बसून ह्या बाईनं निम्म्या जिल्ह्यात आमच्यासाठी माणसं उभी करून ठेवली होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

शेवटच्या पानावर आमची सहा नावं. कुणापुढं 'शुगर', कुणापुढं 'पित्त, उपाशी जाऊ देऊ नये'. माझ्या नावापुढची शाई जुनी होती, त्या मे महिन्याच्या कितीतरी आधीची.

'पोचलो म्हणतो, पोचलेला नसतो. ह्याला जास्त जपावं.'

वही होती तशी ठेवली, आणि बाटली भरायला गेलो.