जालिंदर भाऊंचा लॉक केलेला कॉलम

जालिंदर भाऊ गेले आणि पासवर्ड सांगायचा राहिला.

हसू नका. बातमी कळली तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं. रडू नंतर आलं.

गेल्या गुरुवारी, आमच्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना त्यांच्या छातीत कळ आली. हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

ज्यांना ते माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते.

भाऊ चाकणला आमच्या कंपनीत मेंटेनन्सला होते. मूळचे बीडकडचे. भोसरीहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आमची ओळख झाली.

कंपनी जपानी आहे. जपानी भाषेची पहिली परीक्षा पास झालं की जपानच्या ट्रेनिंगला नाव लागतं, आणि तिकडून आलेल्याला कायम करतात.

मी कॉन्ट्रॅक्टवर आहे. माझं सगळं घोडं तिथेच अडलंय.

भाऊ तर कायमच होते. त्यांना कशाला हवी होती परीक्षा?

"ताई, मशीन आपल्यासंगं जपानीत बोलतंय अन् आपल्याला कळंना. लाज वाटती राव."

म्हणून त्यांनी पोराच्या जुन्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये एक शीट बनवलं. त्यात एकच बटण.

बटण दाबलं की एक जपानी शब्द. अर्थ सांगायचा. चुकला की तो शब्द लाल होणार, आणि लाल झालेला शब्द सारखा सारखा समोर येणार.

आणि जो चुकला त्याने पुढच्या स्टॉपपर्यंत उभं राहायचं. बाई असो की बाप्या.

चाकणच्या चौकात ट्रॅफिक लागलं की सीटा रिकाम्या आणि अर्धी बस उभी!

ड्रायव्हर बबनमामा आरशातून बघून ओरडायचे, "माझ्या गाडीत शाळा काढली व्हय रं?"

पण एक दिवस मी अडखळले, तर गिअर टाकता टाकता तेच म्हणाले, "मिझु म्हंजी पाणी. एवढं बी येत न्हाई?"

बसमध्ये मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

मग फॉर्म भरले. नमुना पेपर आला. भाऊंनी तो बसमध्येच उघडला.

एक अक्षर वाचता येईना.

कारण आम्ही सगळे शब्द देवनागरीत शिकलो होतो! कंपनीतल्या जपानी सरांच्या तोंडून ऐकलेले, व्हिडिओत ऐकलेले, आणि भाऊंनी मराठीत लिहून घेतलेले. पेपर जपानी अक्षरांत येणार, हे एवढ्या मोठ्या बसमध्ये एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

सगळं रामायण झालं आणि रामाची सीता कोण, तशी गत.

निम्म्या लोकांनी त्या दिवशीच नाद सोडला. मीही सोडला होता.

सुट्टीनंतर भाऊंनी पुन्हा लॅपटॉप उघडला. आता शब्द जपानी अक्षरांत होते. देवनागरीचा कॉलम गायब.

"समदं लाल केलंय. पुन्हा पहिल्यापासून."

"भाऊ, निदान आपली मराठी बाजू तरी दिसू द्या."

"नाय. ती दिसली की डोळा तिकडंच पळतो. लॉक केलाय. पासवर्ड टाकलाय."

"सांगा ना पासवर्ड."

"पेपरच्या दिवशी सांगतो."

मी तोंड फुगवून बसले. "मला नाही जमायचं."

"कामून? पहिली मशीन तुमाला एका दिवसात चालवता आली व्हती का?"

मी बटण दाबलं.

त्यानंतर एकदा हा माणूस शॉपफ्लोअरवर लहान पोरासारखा ओरडला होता. "ताई, इथं तेल लिवलंय! तेल!" जुन्या मशीनवरच्या पट्टीवरचा एक शब्द त्यांना वाचता आला होता. तिथं तेलच घालायचं असतं हे सगळ्या लाइनला माहीत होतं. ते स्वतःच तर इतकी वर्षं घालत होते. पण त्या दिवशी त्यांनी ते वाचलं होतं.

त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो.

परीक्षा येत्या रविवारी आहे.

शीट आमच्या सगळ्यांकडे आहे. कॉलम लॉकच आहे.

काल बसमध्ये संदीपने आपला लॅपटॉप उघडला. तो आमच्यातला कॉम्प्युटरवाला. म्हणाला, "लॉक तोडायला पाच मिनिटं लागतील. तोडू का? थोडेच दिवस राहिलेत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळ्यात जास्त लाल शब्द माझेच आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

खोटं कशाला बोलू? मलाही तो कॉलम हवा होता. फार हवा होता.

मी म्हटलं, "नको तोडूस."

"ताई, आता ओरडायला कोण आहे?"

"कुणी नाही. म्हणूनच नको."

मग पुढून बबनमामांचा आवाज आला, थोडा बसलेला.

"दाबा की बटन. मोशीचा स्टॉप बी गेला."

संदीपने बटण दाबलं. शब्द मला आला.

चुकले. उभी राहिले. दांड्याला धरून उभ्याउभ्याच रडले, आणि कुणीही मला 'खाली बस' म्हणालं नाही.

त्यासाठी त्या सगळ्यांचे आभार.

रविवार आपल्याकडे कामाचा वार. रजा टाकली आहे. सुपरवायझरने तोंड वाकडं केलं, करू दे. मंजूर नाही केली तरी मी जाणार आहे. नापास झाले तर पुन्हा बसेन. तेव्हाही नाही जमलं तर तिसऱ्यांदा. कॉन्ट्रॅक्ट संपलं तर दुसऱ्या कंपनीत लागेन आणि तिथून फॉर्म भरेन. पण ही अक्षरं मी वाचायला शिकणार.

सगळे ग्रुपवर फुलं टाकतायत, फोटो टाकतायत. माझ्याच्याने अजून झालेलं नाही.

भाऊ, भावपूर्ण श्रद्धांजली मी रविवारी दुपारी वाहीन.

आधी पेपर देऊन येते.