पाचही दिवे

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात माझ्या भाचीने सेल तपासायचं यंत्र मांडलं होतं. पुठ्ठ्यावर पाच एलईडी दिवे. सेल भरलेला असला की पाचही लागायचे, उतरलेला असला की एखाददुसरा. तिने घड्याळातला जुना सेल लावला आणि दोनच दिवे लागले.

"दोनच? पाहुण्यांसमोर बरं दिसतं का हे?" मुख्याध्यापक म्हणाले.

"सर, सेल उतरलाय."

"मग नवा लाव!"

"नव्याचाही भरवसा नाही," असं म्हणत विज्ञानाच्या सरांनी यंत्राच्या तारा उपटल्या आणि दिवे थेट एका मोठ्या बॅटरीला जोडले. पाचही लखलखले. विज्ञानाचे सर, बरं का!

यांना मोजमाप नको असतं, रोषणाई हवी असते. प्रगतिपुस्तक असो की सत्काराचं भाषण, पाचाला एकही कमी चालत नाही. खरं सांगणाऱ्या पुठ्ठ्याची यांना लाज वाटते, स्वतःची तेवढी वाटत नाही.

शाल सावरत पाहुणे आले, वाकून बघू लागले. "वा! सेल अगदी दमदार दिसतोय!" टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात विज्ञानाच्या सरांनी वाजवल्या.

भाचीने मात्र वाजवल्या नाहीत. सेल तिच्या मुठीत होता.