डबा वाजला की बाईसाहेब हजर

कप्तानाची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझा एक पाय बसच्या पायरीवर होता आणि दुसरा हवेत. तो दुसरा पाय जमिनीला लागलाच नाही, थेट होडीत पडला. मधल्या वेळात काय घडलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. एक विटलेली टोपी दिसली, "साहेब, पाणमांजर बघायचंय ना?" असं ऐकू आलं, आणि मी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत माझ्या अंगावर लाइफ जॅकेट होतं, मांडीवर बिस्किटांचा पुडा होता आणि माझी वळकटी धक्क्यावरच्या चहावालीच्या ताब्यात होती. मी सहलीला नव्हे, इथल्या बँकेत बदली होऊन आलोय, हे मला तळ्याच्या मध्यावर सांगायला सुचलं.

"मग काय झालं?" कप्तान वल्हं मारता मारता म्हणाला. "बँक काही पळून जात नाही. पाणमांजर जाईल."

ते कुठेही जाणार नव्हतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढे याच गोष्टीने त्याची मान खाली गेली ती कायमची.

त्याने बाकाखालून पत्र्याचा एक डबा काढला आणि खडखड वाजवला. पाणी फुटलं. ओल्या मिशा, बारीक डोळे, आणि उशिरा येऊनही दुसऱ्यांनाच जाब विचारणाऱ्या साहेबाचा चेहरा. दोन्ही पंजे होडीच्या काठावर टेकून तिने मला खालपासून वरपर्यंत निरखलं. मी उठून नमस्कार करणार होतो, पण होडी हलली.

"या आमच्या बाईसाहेब," कप्तान म्हणाला. "द्या बिस्कीट. घाबरू नका, तुमच्यापेक्षा सभ्य आहेत."

कप्तान हा कुठल्याही जहाजाचा कप्तान नव्हता. त्याची होडी इतकी जुनी होती की तिच्यात पाणी शिरत नसे, ते तिथेच राहायला असे. पण तळ्यावर येणाऱ्या माणसांना हवं तेव्हा, हवं तिथे जिवंत जंगली जनावर दाखवणारा तो एकटाच होता. एरवी लोक पाणमांजर बघायला दुर्बीण घेऊन जातात आणि सर्दी घेऊन परततात. इथे डबा वाजला की बाईसाहेब हजर!

सुरुवात त्याने मासळीने केली होती. पण पाहुण्यांना स्वतःच्या हाताने भरवायची हौस, आणि मासळीचा वास हाताला नको. म्हणून बिस्किटं आली. कोणी रिकामा पुडा पाण्यात टाकला तर कप्तान वल्हं उगारून ओरडायचा, "ओ काका, उचला ते! पर्यावरण आहे ते, तुमच्या घरची मोरी नाही!" आणि काकांनी पुडा उचलला की बक्षीस म्हणून त्यांना आणखी एक बिस्कीट द्यायचा, बाईसाहेबांना भरवायला. यात काही चुकतंय असं त्याला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हां कोणालाच वाटत नव्हतं. पूर्वी पाणमांजरं जाळी फाडतात म्हणून इथले मच्छीमार त्यांच्यावर कुत्री सोडायचे. कप्तानाचा डबा वाजायला लागल्यावर त्यांच्या केसाला धक्का लावायची कोणाची हिंमत नव्हती. स्वतःला तो त्यांचा पालक समजत होता, आणि थोडाफार होताही.

धक्क्यावरची चहावाली ही त्याची बायको. तिला सगळे वहिनी म्हणायचे आणि तिच्या तोंडाला घाबरून उरलेला चहा मुकाट्याने संपवायचे.

"त्या सवतीला दिवसभर बिस्किटं," ती माझ्याकडे बघून म्हणायची, "आणि मला रिकामे पुडे गोळा करायचं काम."

"अगं, ती हाक मारली की येते," कप्तान म्हणायचा.

"मीही आले असते. मला कधी डबा वाजवलात?"

बघता बघता गाव बदललं. सायकल दुरुस्त करणाऱ्याने पाणमांजराचं चित्र असलेल्या टोप्या विकायला घेतल्या. होड्यांना इंजिनं लागली. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेलं. बाईसाहेब गोल झाल्या. माझ्या सासूबाई त्यांना "किती गोंडस गं!" म्हणाल्या, तेव्हा तितकेच गोल सासरे आशेने वळून बघत होते, पण त्यांच्या वाट्याला काही आलं नाही.

पूर्वी बाईसाहेबांबरोबर त्यांचं सगळं कुटुंब असायचं. इंजिनांचा आवाज वाढला तसे बाकीचे वरच्या ओढ्याकडे निघून गेले. ती एकटी राहिली. कप्तान हे छाती फुगवून सांगायचा. "सख्ख्या माणसांना सोडलं तिने, पण मला नाही सोडलं."

मग एक नवरदेव आला. नवी नवरी फोटो काढत होती आणि नवरदेव बिस्कीट दाखवून हात मागे घेत होता. पुन्हा दाखवत होता, पुन्हा मागे घेत होता. कप्तान म्हणाला, "दादा, देऊन टाका." दादांना फोटो हवा होता. चौथ्यांदा बाईसाहेबांनी बिस्कीट घेतलं आणि सोबत अंगठ्याचा बराचसा भागही.

तो फोटो मात्र उत्तम आला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांच्या फोनवर होता, आणि दुसऱ्या दिवशी तळं बंद झालं.

वनखात्याच्या अधिकारी आल्या. तरुण होत्या, आवाज मुळीच चढवत नव्हत्या. वहिनींच्या बाकावर बसून त्यांनी कप्तानाला सांगितलं, "प्राणी पकडावा लागेल. आजवर कोणालाच इतकं चावलं नव्हतं, पुढच्या वेळी लहान मूल असेल."

"मॅडम, तिची चूक नाही हो."

"तिची चूक आहे असं मी कुठे म्हणाले?"

कप्तानाने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "वरच्या ओढ्यात सोडू ना तिला. तिची माणसं आहेत तिथे."

"ती तिथून परत येईल. ज्या धक्क्यावर माणूस दिसेल त्या धक्क्यावर जाईल. जिला माणसाची भीतीच उरली नाही, तिला सोडायचं कुठे? प्राणिसंग्रहालयात ठेवावं लागेल."

"पण ती माझ्यासाठी राहिली होती इथे."

"तुमच्यासाठी नाही, कप्तान," त्या हळूच म्हणाल्या. "बिस्किटांसाठी."

त्या क्षणी मी चहाच्या पेल्यात बघत होतो. वहिनी बशी पुसत होत्या, ती केव्हाच कोरडी झाली होती. इतर होडीवाले एकदम आपापल्या दोरांच्या गाठी तपासायला लागले.

पिंजरा लावला. बाईसाहेब त्याच्याकडे फिरकल्या नाहीत. पिंजऱ्यात ठेवलेली मासळी कशी खायची हे बहुधा विसरल्या असाव्यात. सगळ्यांना कळत होतं की काय करावं लागणार. म्हणायचं कोणी, एवढाच प्रश्न होता. शेवटी वहिनी म्हणाल्या.

"तुम्हीच बोलवा. दुसऱ्या कोणाच्या हाकेला आली तर आणखी वाईट वाटेल तुम्हाला."

"मी नाही बोलावणार. मी काय शिकारी आहे?"

"बेशुद्ध करायला बंदूक आणणारेत ते. पाण्यात असताना सुई लागली तर बुडून मरेल ती. चालेल तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धक्क्यावर आला तेव्हा त्याने दाढी केली होती. डबा हातात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला. मग वाजवला. इतका हळू, की मला वाटलं, तिला ऐकूच जाऊ नये म्हणून वाजवतोय.

ती आली. पाण्यातून सरळ रेघ मारत, एकदाही बुडी न मारता आली, जणू उशीर झालाय. पिंजरा धक्क्याच्या पायरीला लावला होता. कप्तान त्याच्या मागच्या बाजूला उकिडवा बसला आणि गजांतून बिस्कीट आत धरलं. तिने पिंजऱ्याकडे बघितलं नाही. त्याच्या हाताकडेच बघत आत शिरली. दार पडलं, तेव्हा ती दचकलीही नाही. बिस्कीट संपवलं आणि गजांतून पंजा बाहेर काढून दुसरं मागितलं.

कप्तानाने दिलं. मग आणखी एक. पुडा संपला तेव्हा त्याने रिकामे हात तिच्यापुढे धरले आणि म्हणाला, "संपलं गं. आता नाही माझ्याकडे." ती त्याचे हात हुंगत राहिली. गाडीत पिंजरा चढवेपर्यंत तो तसाच उकिडवा बसून होता. उठवायला वहिनी गेल्या, तर त्यांना म्हणाला, "बघू नकोस माझ्याकडे." आणि वहिनी, ज्यांनी जन्मभर त्याला एकही टोमणा मारायचा सोडला नव्हता, वळल्या आणि चहाचं आधण ठेवायला गेल्या.

त्यानंतर तो मला रस्त्यात दिसला की पलीकडच्या बाजूने जायचा. मीही थांबवत नसे. त्याच्याशी बोलायला गेलो तर आपण नेलेल्या पाहुण्यांची आठवण निघेल, अशी मला भीती होती. वहिनींनी एकदा त्याला प्राणिसंग्रहालयात न्यायचा प्रयत्न केला. तो फाटकापर्यंत गेला, आतून शाळेच्या सहलीचा गलका ऐकला आणि परत फिरला.

बाईसाहेब तिथे पुढच्या हिवाळ्यापर्यंत जगल्या. तळ्यावर आता पायाने चालवायच्या प्लास्टिकच्या हंसाच्या होड्या आहेत, आणि कप्तान त्यांची तिकिटं फाडतो.